पानावरून उठू नये

चतुर्थीचे दिवस सरले की आमच्याकडे पाहुण्यांची उलटी फेरी सुरू होते. गणपतीला जे आपल्याकडे येऊन गेले, त्यांच्याकडे मग आपण जायचं. त्याच निमित्ताने गेल्या वर्षी डिचोलीहून मोपाला बहिणीच्या घरी दोन दिवस राहून आलो. शिवराक संपलं होतं, स्वयंपाकघरातून कुर्ल्यांच्या सुक्याचा वास येत होता आणि माटोळी अजून उतरवलेली नव्हती. माटोळीत हरणां होती, कांगल्यो होत्या, पण पूर्वीसारखी गच्च नव्हती. बहिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो, म्हणाल्या, "पयलीं सड्यार गेलें काय पांटलो भरतालो. आतां म्हापशां बाजारांत वचचें पडटा."

सडा म्हणजे मोपाचा सडा. आता तिथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. आणि बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याच विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला आहे. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. त्या आठवड्यात त्याची रातपाळी होती, त्यामुळे दुपारपर्यंत झोपायचं आणि संध्याकाळी ड्युटीवर जाईपर्यंत टीव्हीसमोर गेम खेळत बसायचं, असा त्याचा दिनक्रम. मित्राकडून सेकंडहँड घेतलेलं प्लेस्टेशन फोर. मला म्हणाला, "मामा, तूं संस्कृतीचेर बरयता न्हय? मगे हें पळय. हातूंत सगळीं आमचींच नांवां."

मी काही गेम खेळणारा माणूस नव्हे. आमच्या पिढीचा गेम म्हणजे मारिओ, तोही दुसऱ्याच्या घरी जाऊन. पण नावं ऐकून बसलो. अजय, ईश्वरी, मोहन, अमिता, सबल, भद्रा. आणि लक्ष्मणा! हे मुलीचं नाव ऐकून मी आधी हसलो. परदेशी माणसांना लक्ष्मण पुरुष की बाई हे कळलं नसणार, म्हटलं. मग आठवलं, कृष्णाच्या अष्टनायिकांत एक लक्ष्मणा आहेच की. म्हणजे हसू आपल्यावरच.

गेमचं नाव फार क्राय फोर. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओने केलेला, नोव्हेंबर २०१४ मध्ये बाजारात आलेला. म्हणजे तसा जुनाच. हातात बंदूक, डोळ्यांना दिसतं ते नायकाच्या डोळ्यांनी, आणि नकाशा सताड उघडा. कुठेही भटका, हत्तीवर बसा, नदी पोहून जा, वाटेल तेव्हा गोष्टीकडे वळा. याला ओपन वर्ल्ड म्हणतात. गोष्ट घडते हिमालयातल्या एका काल्पनिक देशात. देशाचं नाव किरात. (वेंगुर्ल्याच्या 'किरात' साप्ताहिकाशी काही संबंध नाही! पण अर्जुनाशी झुंजलेल्या किरातरूपी शंकराची आठवण कुणालाही यावी.) देश काल्पनिक असला तरी मसाला ओळखीचा आहे. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ अशी दहा वर्षं राजसत्ता आणि माओवादी यांच्यात यादवी चालली, तिची सावली या गोष्टीवर पडलेली स्पष्ट दिसते. काठमांडूची कुमारी, म्हणजे देवी म्हणून पुजली जाणारी लहान मुलगी, तीही वेगळ्या नावाने इथे आहे.

किरातचा हुकूमशहा म्हणजे पेगन मिन. गुलाबी सूट घातलेला, केस पिवळे रंगवलेला, गोड बोलणारा आणि बोलता बोलता माणूस मारणारा. हे नाव त्याचं स्वतःचं नव्हे, एका खऱ्या बर्मी राजावरून त्याने घेतलेलं आहे. खरा पेगन मिन १८४६ ते १८५३ पर्यंत ब्रह्मदेशाच्या गादीवर होता. त्याला त्याच्या सावत्र भावाने, मिंडॉनने, पायउतार केलं. आणि त्या मिंडॉनचा मुलगा म्हणजे आपल्या रत्नागिरीचा थिबा राजा! इंग्रजांनी राज्य घेऊन १८८६ मध्ये ज्याला रत्नागिरीत आणून ठेवला, ज्याच्यासाठी १९१० मध्ये तो राजवाडा उभा राहिला आणि जो १९१६ साली तिथेच वारला, तो. म्हणजे खरा पेगन मिन आमच्या थिबाचा काका लागला. भाच्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, गेम पॉज करून गोष्टी सांगूं नाका."

असो. गोष्टीची सुरुवात मात्र मला फार आवडली, हे आधीच सांगून टाकतो.

अजय घले हा अमेरिकेत वाढलेला तरुण. आई वारलेली. तिची शेवटची इच्छा एवढीच, की आपल्या अस्थी लक्ष्मणाकडे न्याव्यात. लक्ष्मणा म्हणजे जागा की माणूस, हेही अजयला ठाऊक नाही. आईच्या अस्थींचा कलश घेऊन तो बसने किरातमध्ये शिरतो. सीमेवर बस अडवली जाते, गोळीबार होतो, पेगन मिन येतो, हुकूम नीट न पाळल्याबद्दल आपल्याच सैनिकाला पेनाने भोसकून ठार मारतो आणि अजयबरोबर एक सेल्फी घेतो. मग त्याला एका मोठ्या घरात नेऊन जेवणाच्या टेबलाशी बसवतो. ताटात खेकड्याचं सारण भरलेला तळलेला पदार्थ. जेवणाच्या मध्येच काही काम निघतं, तेव्हा अजयला सांगतो की इथेच बस, जेव, मी आलोच. आणि निघून जातो. आतल्या खोलीतून कुणाला तरी मारहाण होत असल्याच्या किंकाळ्या येत असतात.

आता खेळणारा काय करील? उठतोच. भाचाही उठला. टेबलावरून उठून, घरात इकडेतिकडे डोकावत, किंकाळ्यांच्या दिशेने. लगेच बंडखोर हल्ला करतात, अजयला सोडवतात, हातात बंदूक येते आणि खेळ सुरू होतो.

आजी मागे खुर्चीवर बसून वाती वळत होत्या. त्यांना बाकी काही कळलं नसावं, पण एवढं कळलं. म्हणाल्या, "कुर्ल्यो तशोच उडोवन खंय गेलो तो? पानारसून उठूंक जायना."

मी हसलो. भाचा काहीसं गूढ हसला. त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिळून भाच्याने मला त्याने आधी खेळून ठेवलेले टप्पे दाखवले. बंडखोरांच्या संघटनेचं नाव गोल्डन पाथ, सुवर्णमार्ग म्हणा. ही संघटना अजयच्याच बापाने, मोहन घलेने, काढलेली. तिचे सध्याचे पुढारी दोघे. अमिता आणि सबल. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर खेळणाऱ्याने ठरवायचं असतं, की आज कुणाचं ऐकायचं.

सबल म्हणतो, शत्रूच्या तावडीतल्या आपल्या माणसांना आधी सोडव. अमिता म्हणते, माणसं आज वाचतील, पण हाती आलेली गुप्त माहिती गेली तर उद्या त्याहून जास्त मरतील. सबल म्हणतो, अफूची शेतं जाळून टाक. अमिता म्हणते, जाळून लोक खाणार काय? अफू राहू दे, त्या पैशातून शाळा होतील. सबलला परंपरा हवी, देऊळ हवं, लहानग्या भद्राला तरुण माता म्हणून गादीवर बसवायची आहे. अमिताला ते देऊळच नको आहे.

हे ऐकताना मी सरसावून बसलो. का, ते गोंयकाराला वेगळं सांगायला नको. मी डिचोलीचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द ठरवून पुन्हा बंद पाडल्या, तेव्हा आमच्या प्रत्येक तिठ्यावर अमिता आणि सबल उभे होते. ट्रक दारात गंजत असलेला माणूस विचारत होता, आता खायचं काय? आणि शेतात खाणीचा गाळ आलेला माणूस विचारत होता, इतकी वर्षं आम्ही काय खाल्लं ते तुम्ही विचारलंत का? दोघांचंही खोटं नव्हतं. दोघेही बऱ्याचदा एकाच वाड्यावरचे, कधी एकाच घरातले. असला प्रश्न एका बंदूकबाजीच्या गेमने विचारावा, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं.

पण ते फार टिकलं नाही.

पहिली गोष्ट, वाद म्हणून काही होतच नाही. अमिता चार वाक्यं बोलते, सबल चार बोलतो, दोघे एकमेकांवर ओरडतात, आणि मग नकाशावर दोन खुणा उमटतात. या खुणेकडे गेलात तर अमिताचं ऐकलं, त्या खुणेकडे गेलात तर सबलचं. अजय स्वतः काय म्हणतो? जवळजवळ काहीच नाही. तो विचारत नाही की अफूच्या शेतात राबणाऱ्यांना काय वाटतं. तो विचारत नाही की भद्राला देवी व्हायचं आहे का. ज्या मुलीवरून एवढं रामायण, तिच्याशी बसून दोन शब्द बोलण्याची सोय खेळात नाही, पण गेंड्याची शिकार करून त्याच्या कातड्याची पिशवी शिवण्याची आहे!

दुसरी गोष्ट, ज्याचं ऐकलं नाही तो रेडिओवरून थोडा वेळ फुरंगटतो आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा पहिल्यासारखा हजर होतो. नकाशा तोच. चौक्या २४ त्या २४. घंटाघरं १७ ती १७. किल्ले चार. तुम्ही अफू जाळा नाहीतर राखा, त्याच रस्त्यावर तीच माणसं त्याच टोपल्या घेऊन चालत असतात. चौकी जिंकली की तिथे झेंडा बदलतो, हा त्या देशातला सगळ्यात मोठा सामाजिक बदल.

यामागचं कारण भाच्याने मला सोपं करून सांगितलं, आणि ते पटलं. उघडा नकाशा विकायचा म्हणजे माणसाला तो तीस-चाळीस तास मनासारखा फिरता आला पाहिजे. तुमच्या एका निर्णयाने गाव ओस पडलं, तर तिथली शिकार, तिथली शर्यत, तिथलं दुकान, सगळं जायचं. ज्याच्यासाठी पैसे घेतले तेच गायब. शिवाय प्रत्येक फाट्यासाठी वेगळे संवाद ध्वनिमुद्रित करायचे, वेगळी दृश्यं करायची, आणि अर्धे खेळणारे ती बघणारच नाहीत. तेव्हा वाट फुटल्यासारखी दाखवायची आणि चार पावलांवर पुन्हा एक करायची. शेतातला पाट बांधाला वळसा घालून पुन्हा त्याच व्हाळाला मिळावा, तसं. धंद्याच्या हिशेबात हे बरोबरच असेल. पण मग निवडीचा एवढा गाजावाजा कशाला?

आणि कर्म! या खेळात कर्म नावाचं एक माप आहे. प्रार्थनेचं चक्र फिरवलं, वाटेतल्या गावकऱ्याला वाघापासून वाचवलं, की कर्म वाढतं. निरपराध माणूस मेला की घटतं. वाढलेल्या कर्माचं फळ काय? दुकानात बंदुकीवर सूट मिळते आणि मदतीला भाडोत्री गडी बोलावता येतात. गीतेवर एवढी भाष्यं झाली, पण कर्माचा हा अर्थ कुणाला सुचला नव्हता.

शेवट तर विचारूच नका. एका पुढाऱ्याचं पारडं जड झालं की तो दुसऱ्याला संपवायला सांगतो. माराल तर मारा, सोडाल तर सोडा. पुढे अमिता जिंकलेली असेल, तर ती गावातल्या पोरांना जबरदस्तीने सैन्यात आणि अफूच्या कामाला ओढून नेताना दिसते, आणि भद्राला कुठेतरी पाठवून दिलेलं असतं, जिथून ती परत यायची नाही. सबल जिंकलेला असेल, तर तो देवळासमोर अमिताच्या माणसांना ठार करतो, आणि भद्राला देवी करून बाजूला उभं केलेलं असतं. म्हणजे काहीही निवडा, दोन्ही वाईट.

काही लोकांना यात फार मोठं कटु सत्य दिसलं म्हणे. मला नाही दिसलं. शोकांतिका म्हणजे माणसाच्या करणीतून, त्याच्या स्वभावातून, एकेक पायरी उतरत आलेला नाश. इथे अमिता शाळांची भाषा बोलताना आपण पाहतो आणि नंतर एकदम पोरं ओढताना पाहतो. मधली वाट कुणी लिहिलीच नाही. लेखकाला दोघांपैकी एकाच्याही मनात शिरायचे कष्ट घ्यायचे नसले, की 'सगळेच सारखे' हे वाक्य फार कामाला येतं. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवशी घरी झोपणारा माणूसही हेच म्हणतो.

मला राहून राहून धयकाल्याची आठवण येत होती. पेडण्याच्या माणसाला धयकालो सांगायची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार आणि मग रात्रभर चालणारं आख्यान. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा सिंधुदुर्गातल्या कंपन्या पेडण्यात येतात. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. त्या दिवशी कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी काय सोंग घ्यायचं ते ठरतं, आणि नट पेटाऱ्यावर आरसा ठेवून तोंडाला रंग लावता लावता मनातल्या मनात जुळवाजुळव करतो. पुढचं सगळं रंगमंचावर, समोरचा काय बोलेल त्यावर.

लहानपणी पाहिलेला एक कर्ण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कुंती त्याला भेटायला आलेली. शेवट काय होणार, हे समोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कर्ण कौरवांना सोडणार नाही, रथाचं चाक रुतणार, तो मरणार. नटाला तिथे काही निवडायची मुभा नाही. पण त्या रात्री कुंतीचं सोंग घेतलेल्या नटाने असा काही मुद्दा काढला, की कर्ण क्षणभर गप्प झाला. खरोखर गप्प. पेटीवाल्याने एक सूर धरून ठेवला. मग कर्णाने उत्तर दिलं, त्यावर कुंतीने पुन्हा काढलं, आणि तो वाद तासभर चालला. पहाटे घरी जाताना माझे वडील आणि शेजारचे काका वाटेवर त्याच वादावर भांडत होते. कर्णाचं चुकलं की कुंतीचं?

फार क्राय फोरमध्ये शेवट बदलायची मुभा आहे, पण असा गप्प होणारा एकही माणूस नाही. माझी निराशा झाली ती इथे.

आता मोपाचं.

भाचा सबलच्या बाजूने खेळत होता. मी विचारलं, का? म्हणाला, "तसोच. ताची बंदूक बरी आसा." पण थोड्या वेळाने, कंट्रोलरवरची नजर न काढता, म्हणाला, "आमगेर आजी सबल आनी बाबा अमिता."

घरात ही गोष्ट कधी कुणी मोठ्याने बोलत नाही. विमानतळाची चर्चा सुरू झाली तेव्हा हा पोर जन्मलाही नव्हता. २००० साली केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. मग दाबोळी राहणार की जाणार, उत्तर की दक्षिण, यावर किती वर्षं गेली. २०१६ मध्ये पायाभरणी झाली. २०१९ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण मंजुरीला स्थगिती दिली, जानेवारी २०२० मध्ये ती उठवली. पन्नास हजारांवर झाडं, सड्यावर गुरं चारणारे धनगर, सड्याच्या कुशीतून निघणाऱ्या झरी, हे सगळं कोर्टाच्या कागदांतून आणि वर्तमानपत्रांतून येऊन गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिलं विमान उतरलं.

या बावीस-तेवीस वर्षांत बहिणीच्या घरात रोज रात्री जेवताना जे व्हायचं ते मी थोडंफार पाहिलं आहे. सड्यावर त्यांची काजूची बाग होती. आजी म्हणायच्या, काजू आम्हाला कुणी लावून दिलेला नाही, माझ्या सासऱ्याने खडकात कुदळ मारून लावलेला. भाओजी म्हणायचे, वर्षातले दोन महिने काजू, बाकी दहा महिने काय? माझी भावंडं कुवेतला गेली, पोरानेही जायचं का? आजी म्हणायच्या, विमान आलं म्हणजे तो जाणार नाही असं थोडंच आहे, उलट दारातूनच जाईल. भाओजींना यावर उत्तर सुचलं नाही. चार दिवसांनी सुचलं, तेव्हा त्यांनी ते जेवताना पुन्हा काढलं. बाग गेली. पैसे किती आले, कधी आले, हा विषय वेगळा, त्यावर त्या घरच्यांनीच बोलावं.

पण महत्त्वाचं असं, की वादात कुणीही जिंकलं तरी दुसऱ्या दिवशी आजीच भाओजींच्या पानावर आमटी वाढत होत्या. दोघांपैकी एकाला संपवून गोष्ट पुढे नेण्याची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर निवड त्यांच्या हातात नव्हतीच. ती पणजीत, दिल्लीत, कोर्टात होत होती. अमेरिकेहून कालपरवा आलेल्या अजय घलेला जेवढा अधिकार त्या गेमने देऊन टाकला, त्याच्या शंभराव्या हिश्शाचाही या घराला कधी मिळाला नाही. यांच्या वाट्याला आलं ते एवढंच, की झालेल्या गोष्टीबरोबर कसं राहायचं ते ठरवणं. भाओजींनी पोराला नोकरीचा अर्ज भरायला लावला. पोर लागलं. आजींनी नातवाच्या पहिल्या पगाराची साडी घेतली, नेसल्या, पण विमानतळ बघायला चला म्हटलं तर अजून गेलेल्या नाहीत. घरापासून गाडीने थोड्या मिनिटांवर आहे.

आणि माझं काय? सड्यावरच्या पावसाळी फुलांवर, झरींवर मी त्या काळात चांगले दोन लेख लिहिले होते. सडा म्हणजे उजाड माळ नव्हे, तो पाणी पिऊन ठेवणारा दगड आहे, असं काहीसं. आजीही वाचून खूश झाल्या होत्या. गेल्या मे महिन्यात मुलीकडे पुण्याला गेलो, तो मोपावरूनच. दाबोळीला डिचोलीहून जायला वेळ लागतो, तिकीटही स्वस्त मिळालं. हे मी आजींना सांगितलेलं नाही. भाच्याला ठाऊक आहे, कारण त्यानेच मला दारापाशी हात केला होता. कुणाच्याही मापाने माझं कर्म त्या दिवशी घटलं की वाढलं, मला सांगता येणार नाही. बंदुकीवर सूट मात्र मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, आतां तुका खरी गजाल दाखयतां." त्याने गेम पहिल्यापासून सुरू केला. बस, सीमा, गोळीबार, पेन, सेल्फी, जेवणाचं टेबल. पेगन मिन म्हणाला बस, मी आलोच, आणि गेला. भाच्याने कंट्रोलर खाटेवर ठेवून दिला आणि हात बांधून बसला.

"आतां?"

"आतां कांय ना. रावपाचें."

पाच मिनिटं गेली. पडद्यावर टेबल, ताट, किंकाळ्या. दहा मिनिटं गेली. आजी वाती वळायच्या थांबल्या. "बंद पडलें?" त्यांनी विचारलं. "ना, आजी. आमी उठूंक नात." बहीण चहा देऊन गेली, आम्ही प्यायलो. मला वाटतं पाव तासाच्या आसपास झालं असेल, आणि दार उघडून पेगन मिन परत आला. उशीर झाला म्हणून दिलगिरी व्यक्त करून, पाहुण्याने थांबल्याचं कौतुक करून, तो अजयला स्वतःबरोबर घेऊन गेला. वाटेत त्याने सगळं सांगितलं. लक्ष्मणा ही जागा नव्हेच. ती त्याची आणि ईश्वरीची लहानगी मुलगी, म्हणजे अजयची बहीण. अजयच्या बापाने तिला मारलं, म्हणून आईने त्या बापाला मारलं आणि अजयला घेऊन देश सोडला. एका छोट्याशा समाधीत लक्ष्मणाच्या अस्थी होत्या. अजयने आईचा कलश तिच्या शेजारी ठेवला. काम झालं. नावं वर सरकू लागली, गेम संपला. ना अफू, ना देऊळ, ना २४ चौक्या. एकही गोळी नाही.

मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या सबंध गोष्टीतली खरी नैतिक निवड हीच होती, आणि ती त्यांनी लपवून ठेवली होती. आई ज्यासाठी पाठवते ते काम करायचं, की हातात बंदूक मिळाली म्हणून दुसऱ्यांच्या देशाचे निकाल लावत सुटायचं? हे कुणी विचारत नाही, दोन खुणा दाखवत नाही. तुम्ही बसून राहिलात तरच कळतं. पुढे कंपनीने ही युक्ती फार क्राय फाइव्ह (२०१८) आणि सिक्स (२०२१) मध्येही वापरली, असं भाचा म्हणाला. पण मग ती सवय झाली, आणि खेळणाऱ्यांना आधीच ठाऊक.

तरीही माझी एक तक्रार राहिलीच. हुकूमशहाच्या टेबलावर शेजारच्या खोलीतल्या किंकाळ्या ऐकत स्वस्थ बसणं, याला शहाणपण म्हणायचं? मी भाच्याला म्हटलं, हे तर आणखीच वाईट. तो म्हणाला, "मगे उठलो तरी वायट, बसलो तरी वायट?" मी गप्प झालो. पेटी असती तर कुणीतरी सूर धरला असता.

आजी मात्र समाधानी होत्या. नाव सरकणाऱ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बरें केलें. आवयचें काम केलें ताणें." मग नातवाकडे वळल्या. "आतां तूं जेव. तुजी गाडी येतली."

बहिणीने पान वाढलं. भात, कुर्ल्यांचं सुकं, सोलकढी. वरून एक विमान गेलं, तेव्हा पंख्याच्या आवाजातही घराची कौलं किंचित वाजली. भाओजी घड्याळाकडे बघून म्हणाले, हे मुंबईचं असणार. आजींनी वर पाहिलं नाही. भाच्याने दुसरी कुर्ली फोडायला घेतली आणि बाहेर कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

तो उठला. हात धुतला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि गेला.

आजींनी त्याच्या पानावर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते मांजरापासून दूर, फळीवर उचलून ठेवलं.